बाकं रिकामी दिसायच्या आधी मंडळीची रजिस्टरं कशी वाचावीत

गेली नऊ वर्षं मी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाची, सेक्रेटरी आहे. त्याआधी ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिलेली आणि १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असलेली. वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीतल्या, लोखंडी कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. त्या कपाटात बाप्तिस्मा, दृढीकरण (मूल मोठं झाल्यावर स्वतः विश्वासाची कबुली देतं तो विधी), लग्न आणि दफन अशी चार रजिस्टरं आहेत. ही चारही शेजारी शेजारी उघडून एकत्र वाचायची असतात, हे मला कळलं ते लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेले तेव्हा.

तिच्या घराजवळ एक जुनं काँग्रिगेशनल चर्च आहे. पांढरं, लाकडी, टोकदार मनोऱ्याचं. पहिल्याच रविवारी मी तिथे उपासनेला गेले. बाकं तीनशे माणसांची. शिक्षिकेची सवय, मी मोजलं. माझ्यासकट २७ जण होतो आणि त्यात मुलं दोन. उपदेश चांगला होता, ऑर्गन सुरेख वाजत होता, माणसं अतिशय प्रेमळ. उपासनेनंतर कॉफी घेताना ऐंशीच्या पुढच्या एका बाई माझ्याजवळ आल्या. मी अहमदनगर म्हणताच त्यांनी माझा हात धरला. लहानपणी संडेस्कूलमध्ये भारतातल्या शाळांसाठी नाणी गोळा केलेली त्यांना आठवत होती. त्यांना तीन मुलं, सात नातवंडं. चर्चला एकही जात नाही. कुणी रागावून गेलं नाही, कुणाचं भांडणही झालं नाही, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

दुपारी एकच्या सुमाराला त्याच इमारतीपुढे गाड्या लागू लागल्या. ब्राझीलहून आलेल्या लोकांची एक मंडळी ती जागा दुपारपुरती भाड्याने घेते. बाबागाड्या, गिटारी, डबे, पळापळ करणारी पोरं. उशिरा आलेले लोक मागे भिंतीला टेकून उभे होते. एकाच छपराखाली सकाळी एक मंडळी आणि दुपारी दुसरी. मला सकाळचीच जास्त जवळची वाटली, कारण ती आपली आई आहे.

ते कसं, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असायला हवं. ६ फेब्रुवारी १८१२ ला मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांची मिशनरी म्हणून दीक्षा झाली. त्यातले गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि सॅम्युएल न्यूएल हे तिघं पुढे मुंबईला आले आणि त्यांच्यापासून आपलं अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. हॉल आणि नॉट १८१३ साली पोहोचले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. १८३१ मध्ये अहमदनगरला मिशनचं ठाणं झालं, १८४२ ला तिथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं, १८९५ ला नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. हे सगळं अमेरिकेतल्या ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या पैशावर आणि प्रार्थनेवर उभं राहिलं, त्यातल्या बहुतेक १९५७ साली युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये सामील झाल्या. तेव्हा त्या चर्चचे सभासद २० लाखांच्या वर होते. २०२० पर्यंत ते ८ लाखांच्या आत आले. १९८३ साली अमेरिकेतली उत्तर आणि दक्षिणेकडची प्रेस्बिटेरियन चर्चेस एक झाली तेव्हा त्यांचे सभासद ३१ लाखांच्या आसपास होते, आज ११ लाखसुद्धा उरलेले नाहीत. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये ज्या स्कॉटलंडहून मुंबईत आले, तिथल्या चर्चचे १९५० च्या दशकात १३ लाख सभासद होते. आता अडीच लाखांच्या आसपास आहेत.

परत आल्यावर मी कपाट उघडलं. जे केलं ते क्रमाने सांगते. तुमच्या मंडळीत चार रजिस्टरं आणि एक चिकाटीचा माणूस असेल, तर पंधरा दिवसांच्या संध्याकाळी पुरतात.

चार रजिस्टरं, एक मोठा कागद

चित्रकलेचा मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला दहा-दहा वर्षांचे गट लिहा: १९६१ ते १९७०, १९७१ ते १९८०, असं आजपर्यंत. एकेका वर्षाचा आकडा बघत बसू नका. छोट्या मंडळीत जुळ्यांचा बाप्तिस्मा झाला तरी त्या वर्षाची रेघ वर उडते. आडवे रकाने असे: लेकरांचे बाप्तिस्मे, मोठ्यांचे बाप्तिस्मे, दृढीकरण, लग्नं, दफनं, दुसऱ्या मंडळीतून सभासदत्वाचं पत्र घेऊन आलेले, तसंच पत्र घेऊन गेलेले.

आकडे भरताना एक काळजी घ्या, कारण मी इथेच फसले होते. आमचे बाप्तिस्मे पहिल्या मोजणीत छान दिसले, दफनांच्या वर. मला हायसं वाटलं. मग बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आईवडिलांच्या पत्त्याचा रकाना वाचला. पिंपरी, हडपसर, कल्याण, नाशिक. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, बाळाचा बाप्तिस्मा आजीच्या मंडळीत होतो, पेढे वाटले जातात, आणि दीड महिन्याने बाळ पुण्याला जातं. रजिस्टरात ते आमचं, पण आमच्या संडेस्कूलला ते कधीच येणार नाही. पुण्यातल्या मंडळीला तर त्याची खबरसुद्धा नसते. अशा प्रत्येक नावापुढे लाल पेन्सिलीने खूण करा आणि खुणा वगळून पुन्हा बेरीज करा. आमची दुसरी बेरीज दफनांच्या खाली गेली. दफनांची रेघ बाप्तिस्म्यांच्या रेघेला कोणत्या दहा वर्षांत ओलांडून वर गेली, तिथे गोल करा. बाकं रिकामी दिसायला त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं लागतात, कारण तोवर म्हातारी माणसं बाकं भरून ठेवतात.

बाप्तिस्म्यापासून दृढीकरणापर्यंत

आता एक जुना गट निवडा. मी १९९१ ते २००० मध्ये बाप्तिस्मा झालेली, तेव्हा गावातच राहणारी मुलं घेतली. त्यांची नावं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकाला दृढीकरणाच्या रजिस्टरात शोधलं. जवळपास सगळी सापडली. आमच्याकडे दृढीकरण चुकवत नाहीत. नवे कपडे, बिशपसाहेब, फोटो, जेवण, सगळं होतं. मग त्याच नावांपुढे तिसरा रकाना आखला: गेल्या वर्षभरात कुठल्याही मंडळीत, कुठल्याही गावी, नियमित जातो का? हे रजिस्टरात मिळत नाही. आजीला, मावशीला, वर्गमित्राला विचारावं लागतं. हा रकाना भरताना माझा हात जड झाला.

अमेरिकेत डीन होग, बेंटन जॉन्सन आणि डोनाल्ड लुइडेन्स या तिघा अभ्यासकांनी नेमकं हेच केलं होतं. १९६० च्या दशकात प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये दृढीकरण झालेल्या सुमारे ५०० जणांना त्यांनी त्यांच्या चाळिशीच्या आसपास गाठलं. चर्चवर राग धरून गेलेले फार थोडे निघाले. बरेचसे चर्चबद्दल चांगलंच बोलत होते. पण आपला विश्वास नेमका काय आणि तो मुलांना का द्यावा, हे त्यांना सांगता येत नव्हतं. कोण टिकून राहिलं, याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज विश्वासावरूनच लागत होता. कॉफी घेताना त्या आजी सांगत होत्या ते हेच.

डोकी मोजा, पण सणाला नको

अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च दरवर्षी आपल्या प्रत्येक मंडळीकडून रविवारची सरासरी हजेरी मागवतं. सभासदसंख्या वेगळी आणि हजेरी वेगळी. हे आपल्याकडे होत नाही, व्हायला हवं. पाम संडे, ईस्टर, नाताळ, कापणीचा सण आणि मे महिन्याची सुट्टी सोडून चार साधे रविवार निवडा. पाऊसपाण्याचा एक असू द्या. मागच्या बाकावर बसून मोजा: १५ च्या आतले, १५ ते ३०, ३० ते ६०, साठीच्या वरचे. वय अंदाजे चालतं. उशिरा येणाऱ्यांनाही मोजा, कारण तरुण मंडळी दुसऱ्या गीतानंतरच येते.

त्याच बैठकीत सभासदांची यादी साफ करा. आमच्या यादीत वारलेल्यांची नावं होती आणि लग्न होऊन सोलापूरला गेलेल्या मुलींचीही. नाव कापताना वाईट वाटतं, पण फुगलेली यादी आपल्याला गाफील ठेवते. वारलेल्यांची नावं मी वेगळ्या वहीत उतरवून घेतली आणि त्या रविवारी ती वाचून प्रार्थना केली.

कारण सांगायची घाई करू नका

कागद भिंतीवर लागला की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी कारण सांगतं. आमच्या कमिटीतले एक काका म्हणाले, “अमेरिकेतली चर्चेस उदारमतवादी झाली, वचन सोडलं, म्हणून संपली. आपण सोडलेलं नाही.” यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. वर सांगितलेला अभ्यास विश्वासाकडेच बोट दाखवतो. पण २००१ मध्ये मायकेल हाउट, अँड्र्यू ग्रीली आणि मेलिसा वाइल्ड यांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की पुराणमतवादी चर्चेस वाढली आणि जुनी, मुख्य प्रवाहातली चर्चेस घटली, यातला सुमारे तीन-चतुर्थांश फरक जन्मदराचा होता. एका गटातल्या बायकांना मुलं जास्त झाली आणि लवकर झाली, दुसऱ्या गटातल्या बायकांना कमी. उपदेशाचा त्यात संबंध थोडा. आणि वचनाला घट्ट धरणारे अमेरिकेतले सदर्न बॅप्टिस्टसुद्धा २००६ मध्ये १ कोटी ६३ लाखांवर पोहोचले आणि तेव्हापासून उतरत आहेत. आज ते १ कोटी ३० लाखांच्या आत आहेत. त्यातला काही भाग जुन्या याद्या साफ केल्याचा असेल, तरी उतार खरा आहे.

आपल्याकडेही आजीला आठ मुलं, आईला तीन, मला दोन, लेकीला एक. ही बेरीज कुणाच्या पापाची नाही. दोष देणं थांबवलं की मग खरा प्रश्न विचारता येतो: जे एक लेकरू आहे, त्याच्यासाठी मंडळी काय करते?

एकीकरणाबद्दलही सरळ बोलायला हवं. १९५७ आणि १९८३ च्या एकीकरणांनी अमेरिकेतली गळती थांबली नाही. आपलं १९७० चं नागपूरचं एकीकरण, ज्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, मला फार मोलाचं वाटतं, ख्रिस्ताची मंडळी एक असावी म्हणून ते झालं. पण दोन दुबळ्या मंडळ्या जोडल्या की एक सबळ होते, असा हिशेब कुणी मांडला तर तो कागद पुढे करून दाखवा. आणि भांडणं किती महागात पडतात तेही दाखवा. समलिंगी विवाहाच्या वादावरून २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, बाहेर पडल्या. आपल्याकडे जमिनींवरून कोर्टात वर्षानुवर्षं दावे चालतात, आणि ज्या घरात त्या दाव्याचीच चर्चा होते त्या घरातलं पोर मंडळीपासून लांब राहतं. हे मी माझ्या शेजारात पाहिलं आहे.

पैसा

हे थोडक्यात. जमाखर्चात दोन रकाने करा: या वर्षी जिवंत माणसांनी दिलेली वर्गणी, दशांश आणि दानार्पण एकीकडे, आणि भाडं, व्याज, मुदतठेव दुसरीकडे. मॅसॅच्युसेट्सच्या आसपासच्या न्यू इंग्लंड भागातल्या कितीतरी मंडळ्या पूर्वजांच्या ठेवींच्या व्याजावर चालतात. त्यामुळे माणसं आटली तरी दिवे लागत राहतात आणि कुणाला कळत नाही. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा झाला असेल, तर छपराच्या दुरुस्तीची चर्चा महिनाभर पुढे ढकला आणि आधी माणसांकडे जा.

घरी जा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. तिसऱ्या रकान्यात ज्यांच्यापुढे ‘नाही’ आलं, त्यांच्या घरी जायचं. पाळकसाहेबांना पहिल्या खेपेला नेऊ नका, समोरचा अवघडतो. दोघांनी जा, त्यातलं एक माणूस त्याच्या ओळखीचं असावं. वर्गणीची पावतीबुकं घरी ठेवा. “का येत नाहीस?” हा प्रश्न विचारू नका. तीनच गोष्टी विचारा: मंडळीतलं काय आठवतं? शेवटचं कोण भेटायला आलं होतं? मुलांना प्रार्थना कोण शिकवतं?

मी पिंपरीत एका मुलाकडे गेले. माझाच विद्यार्थी, आता तिशीचा, कंपनीत शिफ्टला. त्याच्या बायकोने चहा ठेवला. पहिल्या प्रश्नावर तो हसला आणि टिळकांचं एक पद अर्धं गुणगुणला, संडेस्कूलमध्ये मीच शिकवलेलं. दुसऱ्या प्रश्नावर गप्प झाला. मग म्हणाला, “बाई, दृढीकरणाच्या दिवशी बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर मंडळीतलं कुणी माझ्याशी विश्वासाबद्दल बोललं नाही. तुम्हीसुद्धा नाही. मला वाटलं, कोर्स पूर्ण झाला.” त्याच्या रविवारच्या शिफ्टबद्दल आम्ही गावात किती तक्रार केली होती. त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर संध्याकाळची मराठी उपासना होते, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि आम्हीही कधी कळवलं नव्हतं. सभासदत्वाचं पत्र मी त्याच आठवड्यात लिहून दिलं.

म्हणून आता आमचा नियम असा: लाल खुणेच्या प्रत्येक बाळासाठी त्याच्या राहत्या गावच्या मंडळीला पत्र आणि फोन, दोन्ही. पत्र आईवडिलांच्या हाती देऊन थांबत नाही.

भाषेचाही विचार करा. इंग्रजी शाळेतल्या मुलांना देवनागरी गीत अक्षर लावून वाचावं लागतं, तोवर कडवं संपतं. अमेरिकेतल्या जर्मन आणि स्वीडिश मंडळ्यांपुढे शंभर वर्षांपूर्वी हाच पेच होता आणि त्या एकेक करून इंग्रजीकडे गेल्या. मला मराठी उपासना सोडवत नाही, ती सोडावी असंही वाटत नाही. आम्ही उपाय केला तो इतकाच: पुढच्या रविवारची तीन गीतं बुधवारी संडेस्कूलच्या ग्रुपवर आवाजासकट पाठवतो. मुलं पाठ करून येतात.

बायकांना विचारा

स्कॉटलंडमधला इतिहासकार कॅलम ब्राऊन म्हणतो की ब्रिटनमधल्या ख्रिस्ती जीवनाची उतरण १९६० च्या दशकात बायकांपासून सुरू झाली. तोवर घरातली भक्ती त्याच सांभाळत होत्या, आणि त्यांनी पाठ फिरवली तशी मुलंही गेली. मला या मांडणीतून बायकांना बोल लावायचा नाही. मी आमच्या कमिटीची यादी बघितली. अकरा जणांत बायका दोन. वेदीवरची फुलं, सहभागितेची (प्रभुभोजनाची) भांडी, सणाचा स्वयंपाक, आजाऱ्यांच्या भेटी, संडेस्कूल, हे सगळं महिला मंडळाकडे. निर्णय मात्र नऊ जणांकडे. ज्या तरुण बायका सहा दिवस ऑफिसात निर्णय घेतात, त्या सातव्या दिवशी फक्त भांडी घासायला किती वर्षं येतील? पुढच्या निवडणुकीला चार तरी बायका उभ्या करा, आणि त्यातली एक चाळिशीच्या आतली असू द्या.

आणि बापांनाही सोडू नका. कॅलिफोर्नियात १९७० च्या सुमारास सुरू झालेल्या व्हर्न बेंग्टसन यांच्या अभ्यासात तीनशेहून अधिक कुटुंबांच्या पिढ्या पाहिल्या गेल्या. ज्या मुलांची बापाशी जवळीक होती, त्यांच्यात विश्वास जास्त टिकला. बाप नुसता चर्चला गेल्याने तेवढा फरक पडत नव्हता. आमच्याकडे बाप मुलाला चर्चच्या दारात सोडून बाहेर गाडीजवळ उभा राहतो. त्या बापांसाठी आम्ही महिन्यातून एकदा संडेस्कूलचा तास ठेवला आहे: बाप आणि लेकरू शेजारी बसतात आणि बाप आपल्या आयुष्यातली ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेची एक गोष्ट सांगतो. पहिल्या महिन्यात तिघंच आले. त्यातला एक ट्रकचालक रडला आणि त्याची पोरगी त्याच्या मांडीवर जाऊन बसली. दुसऱ्या महिन्यात आठ आले.

वार्षिक सभेत

कागद वार्षिक सभेत दाखवा, आकडे मोठ्याने वाचा, नावं वाचू नका. नावं फक्त भेटायला जाणाऱ्यांजवळ असावीत. मग एकच ठराव करा, दहा नकोत. आमचा ठराव दृढीकरणाबद्दल होता: ज्याचं दृढीकरण होतं त्या प्रत्येक मुलामागे मंडळीतलं एक मोठं माणूस, घरचं नव्हे, पाच वर्षं. महिन्यातून एक भेट किंवा फोन. परीक्षा, नोकरी, प्रेम, शंका, सगळं चालेल, पण शेवटी दोघांनी मिळून प्रार्थना करायची. मूल शिकायला पुण्यामुंबईला गेलं तर फोन तिथेही जातो.

दृढीकरणाच्या रजिस्टरात बिशपसाहेबांच्या सहीनंतर पान कोरं असतं. तिथे मी पेन्सिलीने नवा रकाना आखला आहे: ‘कोण भेटतं’. या वर्षी अकरा मुलं आहेत. नऊ नावांपुढे रकाना भरला आहे. उरलेल्या दोघांपैकी एक बारावीनंतर जूनमध्ये संभाजीनगरला हॉस्टेलवर जातोय, म्हणून त्याचं आधी ठरवायला हवं. ट्रकचालकाला आज संध्याकाळी विचारणार आहे, महिन्यातून दोनदा त्याची गाडी त्याच रस्त्याने जाते.